मेझोथेरपी आणि रविवारचा सामना

आमच्या गावच्या डॉक्टरांकडे दोन म्हातारे माझ्या शेजारी नंबर यायची वाट बघत होते.

“लुसियाँ, मेझोथेरपी म्हणजे नेमकं काय रे?”

“जिथं दुखतं तिथंच, कातडीत, बारीक सुईनं थोडं थोडं औषध टोचतात. सुई खोल जातच नाही.”

“किती वेळा टोचतात?”

“माझ्या कमरेला वीसेक वेळा टोचलं. तुझा खांदा काय मोठा लागून गेलाय!”

“रविवारी पेताँकचा लोखंडी गोळा फेकता येईल?”

“डोळे मिटून फेकशील, ग्रेग्वार.”

“पण रविवारी तर तू माझ्याविरुद्ध खेळणार. मग मला ओढून आणलंस कशाला?”

“गेल्या वर्षी हरलास आणि खांदा दुखत होता म्हणून गावभर सांगत फिरलास. यंदा तुझा खांदा ठणठणीत असताना हरवायचंय तुला!”