मामाच्या मडक्यातली बुरशी

बसा, सगळे बसा. मंडळी, मले भाषण येत नाही. तेलंगणात बोअरच्या गाडीवर काम करतो. मशीनच्या आवाजात ओरडायची सवय. हळू बोलणं जड जातं, आज तर जास्तच. पण तुमचे देवरावभाऊ, माझा मामा, त्याच्यासाठी तुम्ही आपापली दुकानं बंद करून आलात, म्हणून उभा राहिलो.

मामा छातीत कळ येऊन गेला. त्यात कोणाचा दोष नाही. पण एक काम अर्धं टाकून गेला, ते सांगावंच लागेल.

तलावाखालच्या आपल्या बांध्यांत, या पाणी भरलेल्या खाचरांत, धानापेक्षा साव्याचं तण जास्त. लहान असताना दोन्ही सारखेच दिसतात, निंदणाऱ्या बाईचाही हात चुकतो. मामाला एकदा तलावाकाठी आजारी सावा दिसला. पानांवर तपकिरी ठिपके, शेंड्याकडून वाळलेला. ती पानं त्यानं शिजवलेल्या तांदळाच्या कणीवर ठेवली, मडक्यात झाकली. काळी, मखमलीसारखी बुरशी आली. फोनवर म्हणाला, "भाच्या, सावा मारणारा गडी पाळला म्या. औषध नाई, फवारा नाई."

मी म्हटलं, "मामा, सावा संपला का धानावर बसंल ना तो!"

मामा नेहमी हसायचा. तेव्हा हसला नाही. "तेच पाहून राह्यलो. टपात पाणी भरून दोन्ही लावले. सावा मेला, धान उभा हाय. पण लोंब्या येईपर्यंत त्याले बांधीत सोडत नाई. आपली नजर फसते, तं त्याची काऊन नाई फसणार?"

ऐकलंत? सोडत नाही, म्हणाला.

मग मामाला शेवटचं नेलं. रीतीप्रमाणे शेजारच्या सुमनमावशीनं घरातलं शिजलेलं सगळं बाहेर काढलं, घर धुतलं. मी पोहोचलो तेव्हा मडकं घासून पालथं घातलेलं. विचारलं तर मावशी म्हणे, "काऊन रे, बुरशी लागलेला भात ठेवतेत का घरात? एकटा राहून राहून घाणेरडा झालता तुहा मामा. बांधीत ओतला, मासोळ्या खातीन."

मावशी, रडू नका. माझी माय असती तर तिनंही तेच केलं असतं.

पण मामाची बांधी सगळ्यांत वर. तिचं पाणी तुमच्या बांध्यांत उतरतं. सगळ्यांत खाली मावशीच्याच.

आज सकाळी, आठव्या दिवशी, त्या बांधीत गेलो. सावा ठिपक्यांनी भरलाय, शेंडे जळाल्यासारखे. मामा जिंकला, असं मी तिथंच ओरडलो. मग वाकून धान पाहिला. एका पानावर ठिपका. एकच. दुसराच रोग असेल. नसेलही. मला ओळखता येत नाही, आणि ओळखणारा या फोटोत हार घालून बसलाय. कृषी कार्यालयात फोन केला, सोमवारी येतो म्हणाले. पाणी सोमवारपर्यंत थांबतं का? बांधाचं तोंड मी एकट्यानं दोनदा बुजवलं. दोन्ही वेळा फुटलं.

तर आता उभे राहू. मामासाठी थोडा वेळ कोणी बोलू नका. खिडकी उघडी आहे. वरच्या बांधीतून पाणी पडतंय, तो आवाज ऐका. मग चहाला थांबू नका. फावडी घ्या, माझ्यामागं या.

मामा, शेवटचा जय भीम. तुझ्या गड्याला अडवून ठेवतो. तो अजून वरच असेल तर.