पिवळी प्रत

— नाही नाही, ताई, अर्ज मागे घेता येतो, कोण नाही म्हणतंय? मागे घेणाऱ्यांसाठीच तर ही खिडकी आहे. भरणाऱ्यांची पलीकडे, तिथे पंखा पण आहे. आणा ते पत्र. हं — 'स्पॅनिश व इतिहास या जोड पदवीसाठी केलेला माझा अर्ज मी स्वेच्छेने मागे घेत आहे.' छान. एक खाडाखोड नाही. मुलगी तुमचीच का? आणि ती स्वतः नाही आली. बरं नाही. असेल, शेवटच्या दिवशी पोरांना बरं नसतंच. बसा ना, ते स्टूल ओढा — भिंतीला टेकवून बसा, त्याचा एक पाय आखूड आहे. हे कॉम्प्युटर जागं व्हायला वेळ घेतं, माझ्यासारखंच. तोवर कारण सांगा, रकाना आहे कारणाचा. बहुतेक लोक 'वैयक्तिक' लिहितात. वैयक्तिक म्हणजे नातेवाईक, हे मला अठ्ठावीस वर्षांत कळलंय, पण रकाना तेवढाच आहे, म्हणून मी पण 'वैयक्तिक'च लिहिते.

करून काय मिळणार — हो, हे पण येतं. रोज येतं. स्पॅनिश एकवेळ चालेल म्हणतात, इतिहासही चालेल, पण दोन्ही एकदम कशाला, जसं काही मुलीने दोन नवरे मागितलेत. मी काही बाजू घेत नाही हं. नोकरीचं विचाराल तर खोटं सांगणार नाही. मागच्या खेपेला बाहेर पडले त्यातली एक भाषांतरं करते, एक संग्रहालयात काचेखालच्या चिठ्ठ्या लिहितो आणि एक बापाच्या टायरच्या दुकानात बसतो. मजेत आहे म्हणे. पण अभ्यास वाईट नाही, ताई. पहिल्या वर्षी सकाळी भाषा, दुपारी इतिहास, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दुसऱ्या वर्षी दोन्ही एकमेकांना भेटतात — म्हणजे जुने कागद मुळातून वाचायचे. चारशे वर्षांपूर्वीचे. आणि कागद कसले तर अर्ज. समुद्रापलीकडे जायचं तर कचेरीत अर्ज — मी अमुक, अमक्याची मुलगी, मला का जायचंय, हे माझे साक्षीदार. एका अर्जाच्या समासात दोन शब्द होते, सगळा वर्ग डोकं खाजवतोय, कोणी म्हणतं देवाचं नाव, कोणी म्हणतं कायद्याचं कलम, सरांचा त्यावर एक लेखसुद्धा छापून आलेला. मी म्हटलं, सर, 'उद्या या' लिहिलंय. सरांनी चष्मा पुसून परत वाचलं. तसंच होतं ते. चारशे वर्षांपूर्वी पण एकजण खिडकीत बसून 'उद्या या' लिहीत होता, मला इतकं बरं वाटलं काय सांगू.

— मी कुठे? मी म्हटलं म्हणजे... ऐकीव हो. खिडकीत बसलं की कानावर पडतं. ते जाऊ दे. तिसरं वर्ष? हो, तिसरं वर्ष तिकडे जाऊन करायचं, स्पॅनिश बोलतात तिथे. अख्खं वर्ष. नाही, सुट्टीत येता येतं, पण सहसा येत नाहीत. — अच्छा. हे आहे तर. नाही, काही नाही, तुमचा चेहरा जरा... पाणी देऊ? घरात अजून कोण असतं? दोघीच. बरं. रकान्यात मी 'वैयक्तिक' लिहिते.

आता एक अडचण आहे, रागावू नका. अर्ज दोन प्रतींत असतो. गुलाबी इतिहास विभागाची, पिवळी स्पॅनिशची. मागे घ्यायचा तर दोन्ही प्रतींवर मागे घ्यावा लागतो, अर्जदाराने स्वतः खिडकीवर येऊन, स्वतःच्या हाताने लिहून. पत्र चालत नाही. पूर्वी चालायचं. नऊ वर्षांपूर्वी नियम बदलला — कोणी बदलला ते विचारू नका, टाइप मी केला होता. शिवाय, म्हणजे तुम्ही विषय काढलात म्हणून — काढला नाहीत, पण मी काढते — ही सही बघा. ही गुलाबी प्रतीवरची. चौकटीबाहेर गेलीये, शेवटची रेघ तर पार तारखेवर चढलीये. अठरा वर्षांच्या मुलीची सही अशीच असते, तिला वाटतं जागा आपलीच आहे. आणि ही तुमच्या पत्रावरची. चौकटीच्या आत, सरळ, खाली टिंब. सुबक आहे. मुलीच्या सहीपेक्षा सुबक आहे, तिथेच घात झाला. अहो, बसा, उठताय कशाला, मी कोणाला हाक मारली का? पडद्याआड कोणी नाही, तिथे माझी छत्री आहे.

मला ओळखता येतं कारण माझीही एक अशी सुबक सही आहे. माझी म्हणजे मी न केलेली. या खिडकीत माझ्याआधी माझी मावशी बसायची. ह्याच खुर्चीत, गादी मी बदलली. आई मी सहा वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मावशीने मला वाढवलं, स्वतःचं लग्न केलं नाही, कोणी विचारलं की म्हणायची मला वेळ कुठे आहे. अठराव्या वर्षी मी हाच अर्ज भरला. हाच. स्पॅनिश आणि इतिहास. का भरला? आमच्या गल्लीत एक म्हातारा घड्याळजी होता, तरुणपणी जहाजावर होता, तो स्पॅनिशमध्ये शिव्या द्यायचा आणि प्रत्येक शिवीमागे एक लढाई सांगायचा. मला वाटलं हे दोन्ही पूर्ण ऐकावं. एवढंच कारण. अर्ज भरला आणि आठवड्याने मावशी घरी येऊन म्हणाली, अगं, यंदा पाच मुलं झाली नाहीत, वर्गच उघडणार नाही. पाच लागतात, आजही लागतात. मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, कचेरीत टायपिस्टची जागा आहे. मी आले. बसले. ती निवृत्त झाली तशी या खुर्चीत सरकले.

मग नऊ वर्षांपूर्वी तळघरात ओल आली आणि जुने गठ्ठे वर आणायचं काम माझ्याकडे आलं. त्या वर्षीचा इतिहासाचा गठ्ठा सोडला. गुलाबी प्रती सहा. पाच नाही, सहा. वर्ग उघडला होता, ताई, मजेत चालला होता, मी वरच्या मजल्यावर टाइप करत होते तेव्हा खाली तास चालू होते, मला वाटायचं ती आधीच्या वर्षाची मुलं. सहावी प्रत माझी, आणि तिच्यावर मावशीच्या वळणदार अक्षरात 'अर्जदाराने स्वेच्छेने अर्ज मागे घेतला', खाली माझी सही. चौकटीच्या आत. टिंबासकट. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले बराच वेळ. मग म्हटलं बसलोच आहोत तर दुसराही गठ्ठा बघावा. स्पॅनिशचा. तर त्यात माझी पिवळी प्रत, कोरी. तिच्यावर काहीच नाही. मावशी विसरली. तीस वर्षं हेच काम केलेली बाई, आणि पिवळी प्रत विसरली. घाईत असेल. किंवा हात धजला नसेल, देव जाणे. म्हणजे इतिहासातून मी स्वेच्छेने गेले आणि स्पॅनिशमध्ये अजून आहे. आणि दोन्ही प्रतींवर रद्द झाल्याशिवाय प्रवेश रद्द धरत नाहीत, हा जुनाच नियम आहे, हा मी टाइप केलेला नाही. म्हणजे नियमाने मी विद्यार्थिनी आहे. जरा उशीर झालाय, एवढंच.

— जाते म्हणजे? हो, जाते वर्गाला. तीन वर्षं झाली. आता बोलून बसलेच तर... स्पॅनिशचा तास साडेआठला, ही खिडकी उघडते दहाला. इतिहासाचा एक ते दोन. खिडकी एक ते दोन बंद का असते? लोकांना वाटतं मी जेवते. स्पॅनिशच्या बाईंना वाटतं मी इतिहासाची, इतिहासाच्या सरांना वाटतं मी स्पॅनिशची, दोघं जिन्यात भेटतात आणि हवापाण्याचं बोलतात. जोड अभ्यासक्रमाचा हा फायदा आहे, मधल्या फटीत एक माणूस आरामात बसतो. परीक्षा देत नाही मी. तिसरं वर्ष जमत नाही, ते तिकडचं, म्हणून दुसरं वर्ष दोनदा केलं, यंदा पुन्हा पहिल्यात बसणार. 'उद्या या' दोनदा वाचलं. दुसऱ्या खेपेला मी गप्प बसले, म्हटलं पोरांना सापडू दे.

काय म्हणालात? — तक्रार. करा की. साहेब तिसऱ्या मजल्यावर बसतात, पण अर्ज याच खिडकीवर मिळतो, निळा. हा घ्या. दोन प्रती. नाही, टोमणा नाही मारत, खरंच घ्या, तुमचा हक्क आहे. मला काढून टाकतील की नाही ठाऊक नाही, पण माझे वर्ग नक्की बंद होतील. आणि आता एवढं सांगितलंय तर उरलेलंही ऐका, नंतर तुम्हाला कळलं तर म्हणाल बाई लबाड निघाली. आज एक वाजेपर्यंत पाच नावं हवीत. नाही झाली तर यंदापासून हा अभ्यासक्रमच बंद, तसं पत्र तयार आहे, ते पण मीच टाइप केलंय. तुमची मुलगी पाचवी आहे. ती गेली की चार. मला धरून पाच होतात, पण मला धरता येत नाही, मी फटीत आहे ना. तेव्हा तुमची मुलगी राहिली तर मी राहते. माझा स्वार्थ आहे यात, धडधडीत. मावशीचाही होता. तुमचाही आहे. आपल्या दोघींचा मिळून एका मुलीवर, जी आत्ता घरी आजारीसुद्धा नाही. कुठे आहे? पोहायला. बघा.

मावशीला मी काय म्हणाले? काही नाही. हेच सांगायचंय. गठ्ठे वर आणले त्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. चार वर्षं तिला भरवलं, न्हाऊ घातलं, नखं कापली, आणि विषयाला हात घातला नाही. तिनेही नाही. आधी कसं होतं, मी घरी गेले की ती विचारायची, आज काय झालं गं कचेरीत? आणि मी सगळं सांगायची — कोण भांडलं, कोण रडलं, साहेबांचा टोप पंख्याखाली कसा उडाला. दोघी हसून हसून बेजार व्हायचो. त्या गठ्ठ्यानंतर ती विचारायची, आज काय झालं गं, आणि मी म्हणायची, काही नाही. रोज. काही नाही. मुद्दाम नाही हो, बाहेरच पडायचं नाही दुसरं. तिला कळलं असणार, तिला तळघर माहीत होतं, गठ्ठे तिनेच बांधले होते. शेवटी शेवटी तिने विचारायचंही सोडलं. मी आत आले की नुसती माझ्याकडे बघायची आणि मी दिवा लावायची. मला पदवीचं एवढं वाईट वाटत नाही, ताई. त्याचं वाटतं. मी कुठे गेले नाही, हे लक्षात घ्या. ती गेली तोवर तिच्या हाताशी होते. तुमची मुलगी पण राहील. अगदी हाताशी राहील.

— नाही, रडा, रुमाल आहे, फक्त त्या प्रतींवर नको, शाई फुटते. मागचे थांबतील, सवय असते त्यांना. हे पेन. मुलीला फोन करून बोलवायचं असेल तर अजून पाऊण तास आहे. इथे येऊन तिने स्वतः दोन्हींवर लिहिलं तर मी शिक्का मारेन, एक अक्षर बोलणार नाही. मग चार होतील, चार तर चार. मारेन शिक्का. किंवा मग...

बरं. हं. पत्राची घडी नीट घाला, पर्सची चेन त्यात अडकतेय. हो हो, परत न्या, इथे ठेवू नका, माझ्याकडे कागद राहिला की राहतो. घरी गेल्यावर चुलीत घाला नाहीतर तिला दाखवा, तुमचं तुम्ही बघा. दाखवलात तर बरं. निळा अर्ज? तोही नेताय. न्या की, म्हटलंय ना हक्क आहे — इथेच ठेवताय? बरं, द्या, कोरा आहे, कोणाला तरी उपयोगी पडेल.

पाच. थांबा, हे कॉम्प्युटर आत्ता जागं झालं बघा, आत्ता. पाच. झालं.

आणि ताई — पहिला तास सोमवारी, साडेआठला, तळमजला, जिन्याखालून डावीकडे. मुलीला म्हणावं कुठेही बस, फक्त खिडकीजवळची खुर्ची धरू नकोस. तिथे मी बसते. आणि मी कोण, ते तिला माहीत नाही. — पुढे कोण आहे? या. एक मिनिटात बोला, एकला खिडकी बंद होते.