काट्यावरची हळद

विश्रांतवाडीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या दोन मुलींपैकी एकीच्या मांडीवर कोरी साडी पाहून वासंतीबाईंना वाटलं, दोघी कुणाची तरी ओटी भरायला निघाल्या असाव्यात. मग त्यांचे कान आपोआप पुढे गेले.

“भाग्यश्री, सरांना सांगितलंस तरी का?”

“सांगितलं. म्हणाले, उद्या अमेरिकेचे पाहुणे येतायत, उगाच बोभाटा नको.”

“पण चिमूटभर तर पावडर!”

“नम्रता, ती पावडर आपणच गेल्या महिन्यात लॅबमध्ये बनवली. विषारी आहे की नाही, हे अजून जगात कुणालाच माहीत नाही.”

“आणि मुक्ताईमावशींनी साफसफाई करताना ती चक्क पदराने पुसली?”

“वजनकाट्यावर पिवळं दिसलं. मला म्हणाल्या, खंडेनवमीच्या पूजेची हळद पुसली. मलाही तेच वाटलं.”

“तुला कधी कळलं?”

“बरणीतलं वजन कमी भरलं तेव्हा. तोवर मावशी घरी गेल्या होत्या. फोन नाही त्यांच्याकडे.”

“अगं, धुतील त्या साडी.”

“त्याआधी त्यांचा नातू तो पदर तोंडात घालेल. मांडीवर घेतलं की चघळतच असतो.”

“मग तू काय करणार?”

“साडी न झटकता पिशवीत घालून तोंड बांधणार. मावशींना आंघोळ करायला, नातवाला घालायला लावणार. डॉक्टरांसाठी पावडरीची माहितीही लिहून आणलीय.”

“दसऱ्याची नवी साडी आहे ती. देतील?”

“ही माझी दिवाळीची. ही देऊन मागेन.”

“सगळं तूच का?”

“काट्याला हळद मीच लावली होती.”