साळवेकाकांचं कनेक्शन

अहो, एक नोटीस आली अन् माझा धंदाच बसायची वेळ आली. मी टीव्ही सेंटर भागातल्या वस्तीत घरोघर इंटरनेट देतो, तुम्हाला माहीतच हाय. मला जी मोठी कंपनी लाइन देते, तिनं लिहिलं होतं, "तुमचा एक ग्राहक चोरून गाणी डाउनलोड करतोय. त्याचं कनेक्शन तोडा, नाहीतर तुमची लाइन बंद करू." म्हणजे एका माणसापायी सगळ्या वस्तीचं नेट जाणार!

शोधलं तर निघाले साळवेकाका, भीमगीतं गाणारे. त्यांच्या घरी गेलो.

"काका, नेटवरून गाणी उतरवून घेता का?"

"व्हय. का रं?"

"ती गाण्यांच्या कंपनीच्या मालकीची हायत. चोरी धरतात ही."

काकांनी मोबाइलवर एक गाणं लावलं. आवाज त्यांचाच होता, पण तरणाबांड.

"कॅसेट काढली तवा त्या गाण्यांच्या कंपनीनं सही घेऊन सगळे हक्क लिहून घेतले," ते म्हणाले. "आता गळा गेला. नातीला दुसरं काय ऐकवू?"

माझ्यानं कनेक्शन तोडवलं नाय. "ग्राहक स्वतःचाच आवाज घेत होता, आता काय करू?" असं लाइनवाल्या कंपनीला लिहून टाकलं.

उत्तर आलेलं नाय. लाइन चालू हाय. पण ग्राहकाचा फोन वाजला, की उचलायच्या आधीच वाटतं, झालं, गेलं नेट!