मापाऱ्याचा हिशोब

लढाईच्या दिवसांत उत्रोलीला सरकारी तांदूळ मापून मिळे, तेव्हाचं सांगते. घरात मी आणि विधवा धाकटी जाऊ, दोघीच. मापाऱ्यानं गड्यांना पायलीभर दिला, आम्हाला माणशी निम्माच.

म्हटलं, "दादा, माप चुकलं."

"न्हाई चुकलं. तुमी बायका सारख्या उपास धरता. तुमाला लागतंय किती?"

रांगेतले गडी हसले. जाऊ पदर ओढत म्हणाली, "अक्का, चला घरी."

मी हललेच नाही. "उपास आमी देवाला बोललोय, सरकारला न्हाई. पुरं भरा."

मागच्या बायकाही हटेनात. शेवटी त्यानं माप भरलं, पण कुचकं बोललाच, "आज चतुर्थी. उपास असंल की!"

"हाय तर! चंद्र बघून उपास सोडीन. वाटा न्हाई सोडायची."