अर्धं धान माह्या नावावर

माहं माहेर नागभीडकडचं. बापानं मले चौथीपर्यंत शिकवलं, आमच्या गावात तेव्हा दुसरी पोरगी शिकलेली नव्हती, आन् मंग चामोर्शीकडे लगन करून दिलं. काय सांगू बाई तुम्हाले, त्या चौथीनंच माहा घात केला.

एक साल नवरा म्हणे, पाटलाकडून बियाण्याचं धान उचलतो, पीक आलं का वाढीचं जास्तीचं धान देऊन परत करू, तूबी कागदावर सही कर. सगळे अंगठा देत, मी नाव लिहिलं, पाटलीणबाईनं तोंडात बोट घातलं, मले लई बरं वाटलं. पाच खंडी धान. घरी एक पायली आलं नाई. त्यानं ते बाजारात विकलं आन् दुसरी बायको आणली, तिच्या हातात चांदीचे गोट.

मी काडीमोड मांगली. आमच्यात पंचांसमोर काडी मोडली का नवराबायको सुटले, पण त्याच्या आधी कर्ज वाटून घ्या लागते. घरानं खाल्लं ते दोघांचं, एकट्यानं उडवलं ते त्याचं, असा रिवाज. मी म्हटलं, माह्या धान साठवाच्या ढोलीत एक दाणा आला असंल तर दाखवा. एक म्हातारे पंच म्हणाले, पोरगी खरं बोलते. पाटील हासले, म्हणे, अंगठेवाला म्हणते समजलं नाई, हे तर लिहिणारी बाई, हिले कसं सोडू? अर्धं माह्यावर टाकलं. फिटलं का काडी मोडू म्हणे.

दोन साल पाटलाच्या धानाच्या बांधीत रोवणी केली, कापणी केली, मजुरीचं धान तिथीच कटून जाय. सवत बांधावरून म्हणे, काऊन वो बाई, माहे गोट फेडून राह्यली का? बाया हासत. मीबी हासली, काय करतं?

यंदा फिटलं. भाऊ मले न्याले रेंगी घेऊन आला, बैलाच्या गळ्यात नवे घुंगरू. पंच बसले तर पाटलानं दुसरा कागद काढला. नवऱ्यानं मधात आणखी चार खंडी उचललं होतं. मी म्हटलं, याच्यावर माही सही नाई. पाटील म्हणे, काडी कुठी मोडली होती? बायको तर तूच होतीस. याचंबी अर्धं माह्यावर टाकलं.

हे फेडतवरी तो आणखी उचलंल, मले समजते, पंचांलेबी समजते. भावाले म्हटलं, जा, बैल उपाशी आहेत. तो रडत गेला. तुम्ही सुखात राहा बाई. मले जाऊ द्या आता, पाटलाकडची रोवणी लागली.