हात निघालाच नाय

हॅलो? … कोण, तेजस्विनी? … थांब, अंगणात येते, घरात रेंज नाय. … हां, बोल.

आलो ना, सकाळच्या एसटीनं. … नाय गं, हरले तुझे दाजी. … तीन-दोन. पाचातल्या तीन पंचांनी त्या हरियाणाच्या पोराला दिलं.

… अगं ऐक ना! मार कुटला लागतोय? तोंडावर ओरखडासुदिक नाय. तीच तर रड हाय. इतकी वर्सं हेवीवेट बॉक्सिंग खेळले, एकालाबी त्यांना आडवं करता आलं नाय. पण मार चुकवणाऱ्याला गुण कोण देतंय?

… हो, हो, सासूबाईंचंच ते. पहिल्या लढतीला म्हणल्या व्हत्या, ‘नाक-डोळं नेतोस तसं माघारी घेऊन ये.’ ह्यांनी मनावरच घेतलं. … आता त्याबी नाय राहिल्या. कुणाला बोल लावायचा?

… नाय गं, परत कुटली निवड? वय संपलं. भारताच्या संघात जायची ही शेवटचीच संधी व्हती.

… मी व्हते की, पुढच्याच रांगेत! शेवटच्या फेरीत ते पोरगं लई दमलं. हात खाली पडले त्याचे. ह्यांचा कोच वरडतोय, ‘बहिरू, मार! मार!’ मीबी वरडले. … अन् हे आपले दोन्ही हात तोंडापुढं धरून उभे. … उभेच! घंटा झाली.

… विचारलं ना. एसटी मंचरला लागली. मग म्हणले, ‘मंगल, मला दिसलं व्हतं. पण हात निघालाच नाय.’

… त्यात फाट्यावर लोक हार घेऊन उभे. हरल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. ह्यांनी मुकाट मान खाली केली, घालून घेतला. … हो ना! नको म्हणायचं तरी.

… अवसरीच्या कॉलेजातून आला व्हता फोन. पोरींना बॉक्सिंग शिकवा म्हणतेत. … छे, कापला. म्हणले, ‘काय शिकवू? मार चुकवायला?’ … मी म्हणलं, पोरींना तेवढं तरी शिकवा. … पडवीत बसलेत तवापासून. चहाबी तसाच.

… हॅलो? … अगं थांब, हाक मारतेत. … अहो, आले! … कुणाचा नंबर? … कॉलेजचा?

… तेजे, ठेव. … अगं ठेव ना, नंबर ह्याच फोनात हाय!